आधी टिक, मग काम

अगं, इकडे ये. जवळ बस अशी. आणि आधी त्या कुत्र्याला हाका मारणं बंद कर.

केव्हाची बघतेय मी. ब्रूनो ये, ब्रूनो कम, ब्रूनो ये ना रे राजा. अकरा वेळा बोलावलंस त्याला. पहिल्या दहा हाकांना काहीच होत नाही आणि अकरावीला तू पाय आपटत त्याच्याकडे जातेस, हे त्याला पाठ झालंय. त्याला ऐकू येतं, समजतंही. म्हणून तो दहा हाका निवांत झाडं हुंगतो. हे त्याला शिकवलं कोणी? तूच. राग नको मानूस. कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांत मला हे बोलून दाखवावं लागतं. आणि चुका माझ्याही झाल्यात, तुझ्यापेक्षा मोठ्या. एक तर अशी, की माझ्या शहाणपणापायी एका माणसाचा कुत्रा कायमचा जायचा होता. तेच सांगते, ऐक.

माझं काम कुत्र्यांना शिकवायचं. कोर्स वगैरे काही केलेला नाही. डोंबिवलीत मी शिवणाचे क्लास घ्यायचे, तेव्हा घरात आलेलं एक पिल्लू बायकांची ब्लाउजपीसं पळवायचं. त्याला आवरता आवरता शिकले. थोडं पुस्तकं वाचून, थोडं व्हिडिओ बघून, बाकी चावून घेऊन. मग लोक बोलवायला लागले. आता अडुसष्ट वय झालं तरी फोन येतातच.

असाच सुजाताचा फोन आला. ती घोडबंदर रोडला राहते, तिथेच ऑफिस. तिचे वडील वर्तकनगरच्या कॉलनीत एकटे. ती म्हणाली, "काकू, कुत्र्याला पट्ट्याशिवाय चालायला शिकवाल का?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. पट्टा हवाच. पट्टा काढायची हौस असेल तर दुसरं कोणीतरी शोधा.

"हौस नाही हो," ती म्हणाली. "पट्टा लावला की बाबा पडतात."

मग तिने सगळं सांगितलं. बाबांना वर्षापूर्वी पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला होता. उजवी बाजू कमजोर राहिली, बोलणंही जड झालं. डाव्या हातात काठी, उजव्या मनगटाला पट्टा गुंडाळलेला, असे ते बंड्याला कॉलनीत फिरवायचे. एकदा बंड्याला मांजर दिसलं. त्याने हिसका दिला, आणि बाबा सिमेंटच्या रस्त्यावर आडवे. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, नशीब, खुबा वाचला. सुजाताने ठरवूनच टाकलं होतं. शहापूरला तिच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचं शेत आहे, ते बंड्याला ठेवून घ्यायला तयार होते. बाबा ऐकेनात. म्हणाले, मग मी फिरायलाच जाणार नाही. आणि खरंच घरी बसले. फिजिओथेरपीवाल्याने रोज अर्धा तास चालायला सांगितलेलं. ते बंड्याबरोबर चालायचे, नाहीतर नाही. तिने त्यांना तीन महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात काही झालं तर ठीक, नाहीतर शहापूर.

मी गेले. खोपटला बसमधून उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला कॉलनीचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "मास्तरांकडे का?" तेव्हा कळलं की माणूस नावाजलेला आहे. कांबळे भाऊ एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं. कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात, तसं त्यांना अख्खी कॉलनी मास्तर म्हणायची. दारात उभे राहून त्यांनी हळूहळू, एकेक शब्द जोडत जय भीम घातला आणि लगेच म्हणाले, "मॅडम, हा दोषी नाही. मांजर दोषी आहे."

बंड्या म्हणजे आपला साधा तांबूस गावठी कुत्रा. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली जन्मलेला, चार वर्षांचा, एक कान उभा, एक पडलेला. मला बघून एकदा भुंकला आणि भाऊंच्या पायाला चिकटून बसला. मला तेवढं पुरे होतं. ज्याला माणूस आवडतो त्याला शिकवता येतं.

आमच्या कामात रिकॉल म्हणतात, म्हणजे बोलावल्यावर येणं. घरात सगळेच कुत्रे येतात. समोर मांजर असताना, पोरांचा बॉल उडत असताना, कोणी वडापाव खात असताना येतो, तो खरा रिकॉल. त्यासाठी दोन वस्तू लागतात. एक लाँग लाइन, म्हणजे तीस फुटांची दोरी. कुत्र्याला वाटतं आपण सुटे आहोत. दोरीचं टोक असतं माझ्या हातात. दुसरी वस्तू क्लिकर. प्लास्टिकची एवढीशी डबी, बटण दाबलं की टक्क वाजते. कुत्र्याने बरोबर काम केलं की त्याच क्षणी टक्क, आणि मग खाऊ. फोटो काढल्यासारखं. हे केलंस ना, हेच पाहिजे होतं, एवढं त्याला कळतं. क्रम महत्त्वाचा. आधी काम, मग टक्क, मग खाऊ.

डाव्या हातात काठी, म्हणून मी डबी भाऊंच्या उजव्या हातात दिली. त्यांच्या अंगठ्याने ती दाबेना. मूठ वळायची, पण बोटं एकेकटी चालत नव्हती. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग म्हणाले, थांबा. आत गेले आणि एक पंच घेऊन आले. तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी पंच. तिकिटाची मशिनं आल्यावर भंगारात निघालेला एक, मित्रांनी रिटायरमेंटला हार घालून दिलेला. मूठ आवळली की टिक-टिक. लहानपणी एसटीने गेलेल्या कोणालाही हा आवाज विचार. दांड्यावर टिक-टिक झाली की पेंगलेली माणसं खिसे चाचपायची.

मी म्हटलं, वा, झकास. ही माझी पहिली चूक. आवाज बघितला, माणसाची सवय नाही बघितली.

खाऊसाठी त्यांनी पैशांची जुनी चामड्याची बॅगसुद्धा खांद्याला लावली. आत उकडलेल्या कलेजीचे तुकडे. सुजाता नाक मुरडायची. रविवारी आली की बॅग गॅलरीत टांगायची. पण मास्तर रोज सकाळी सातला, बंड्याची दोरी वॉचमनच्या हातात देऊन, बॅग, पंच, काठी असे ड्यूटीला निघाल्यासारखे निघायचे. कॉलनीतले चिडवायचे, "मास्तर, आज कुठली गाडी?" ते म्हणायचे, "विनाथांबा."

मी आठवड्यातून दोनदा जायचे. माझ्या हातात बंड्या फार लवकर तयार झाला. बस म्हटलं बसला, थांब म्हटलं थांबला, दोरीच्या टोकावरून बोलावलं की आला. भाऊंच्या हातात मात्र सगळा गोंधळ. मी त्याला वीस फुटांवर थांबायला सांगायचे, तो थांबायचा, आणि तेवढ्यात इकडे टिक-टिक. बंड्या उठून भाऊंकडे. मी पुन्हा बसवायचे, पुन्हा टिक-टिक. त्याने काही करायच्या आधीच भाऊ वाजवायचे, मग खाऊ द्यायचे.

मी समजावलं, मग बजावलं. "भाऊ, आधी काम, मग टिक."

ते जरा वेळ विचार करून म्हणाले, "ताई, बत्तीस वर्षं आधी टिक, मग काम. पॅसेंजरने आधी वळून बघायला पाहिजे ना."

मी हसले नाही. आता हसू येतं, तेव्हा आला राग. मी शिक्षिकेसारखं बोलले. म्हटलं, हा पॅसेंजर नाही. तुम्ही असंच केलंत तर तुमचा कुत्रा शहापूरला जाईल. पुढच्या वेळी त्यांनी खूप प्रयत्न केला. मूठ आवळायची, मध्येच थांबवायची, घाम यायचा. आणि तरी टिक आधीच व्हायची. शेवटी मी पंच काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. म्हटलं, आपण आवाजाने शिकवू.

आवाजाने शिकवू म्हणे. ज्या माणसाला "बंड्या" म्हणायला तीन सेकंद लागायचे त्याला मी आवाजाने बोलवायला लावत होते. शिट्टी देऊन बघितली, ओठ एका बाजूने मिटत नव्हते. दोन आठवडे असे गेले. बंड्या भाऊंच्या हाकेला मान वाकडी करून बघायचा आणि आपल्या कामाला लागायचा. भाऊ हळूहळू कमी बोलायला लागले. मी गेले की चहा ठेवायचे, पण गप्पा बंद.

अडीच महिने झाले तेव्हा मी सुजाताला फोन केला. खोटं बोलायची सवय नाही. सांगितलं, कुत्रा माझं ऐकतो, त्यांचं ऐकत नाही. पट्टा काढून त्यांच्या भरवशावर मी त्याला सोडू शकत नाही. तू शहापूरला कळव. ती म्हणाली, ठीक आहे काकू, रविवारी येते मी न्यायला. बाबांना मीच सांगेन.

तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी मी शेवटचं म्हणून गेले. भाऊंना अजून माहीत नव्हतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ते कॉलनीतल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "ताई, माझा पंच द्या. वाजवत नाही. हातात धरून बसतो नुसता." मी दिला.

बंड्याला लाँग लाइनवर घेऊन मी पुढे गेले. तेवढ्यात मंदाबाय आली. चेंदणीच्या कोळीवाड्यातून येते, डोक्यावर मासळीची पाटी. तिने बाकाच्या पलीकडे, जिन्यापाशी पाटी उतरवली आणि बंड्याचं नाक तिकडे वळलं. मी मुद्दामच दोरी सैल सोडली. बघू तर काय करतो. तो सरळ पाटीपाशी. मी हाक मारली, अगदी व्यवस्थित, जशी शिकवली होती तशी. त्याने कानही हलवला नाही. दुसऱ्यांदा मारली. हो, मीच, जी तुला आत्ता रागावली तीच.

मंदाबाय पाटीवर फडकं ओढत म्हणाली, "अगो बाय, माज्या पाटीत यानं तोंड घातला तं मावरा कोन घेल?"

मी दोरी ओढायला वाकले. त्याच वेळी मास्तरांचे एक जुने ड्रायव्हर मित्र दुधाची पिशवी घेऊन रस्त्याच्या मधूनच चालले होते. भाऊंनी त्यांची गंमत करायला पंच वाजवला. टिक-टिक. आत सरका, म्हणून.

बंड्याने पाटीतून मान काढली. वळला. आणि समोरचे बोंबील सोडून धावत भाऊंकडे गेला, बाकापुढे बसला आणि बॅगेकडे बघायला लागला.

मी वाकलेली तशीच राहिले. मंदाबाय मला म्हणाली, "तुजा नाय ऐकला तो." बरोबरच होतं तिचं.

आता मला सांग, अडीच महिने मी काय करत होते? भाऊंनी वाजवलं की बंड्या वळून बघत होता. वळला की ते खाऊ देत होते. एकदाही चुकवलं नव्हतं. टिक केली आणि तिकीट दिलं नाही, असं त्यांच्या हातून होणंच शक्य नव्हतं. म्हणजे बिचाऱ्या माणसाने कुत्र्याला उत्तम रिकॉल शिकवलेला होता. माझ्या पुस्तकात टक्क म्हणजे शाब्बास. त्यांच्या टिकचा अर्थ होता, इकडे बघ, मी आलोय. बंड्याला तो पहिल्या आठवड्यातच कळला होता. कळला नव्हता तो मला. आणि वर मी तो पंच पर्समध्ये घालून डोंबिवलीला नेत होते.

तिथूनच सुजाताला फोन लावला. म्हटलं, उद्या येऊ नकोस. चूक माझी होती. मला अजून तीन आठवडे दे. ती वैतागली, आणि वैतागायचा तिला हक्क होता. काल एक सांगता, आज एक, असं म्हणाली. पण दिले तिने तीन आठवडे.

मग मी माझी पद्धत गुंडाळून ठेवली. टिक म्हणजे बोलावणं, असंच पक्कं करायचं ठरलं. भाऊंना तीनच गोष्टी सांगितल्या. एकदाच वाजवायचं. वाजवलं की द्यायचंच. आणि वाजवून बोलावलं की लगेच घरी न्यायचं नाही, खाऊ देऊन परत खेळायला सोडायचं. नाहीतर कुत्रा शिकतो की बोलावणं म्हणजे मजा संपली. पहिल्या दोन गोष्टींवर ते म्हणाले, "हे मला शिकवू नका." तिसरी त्यांनी लक्षात ठेवली.

आता मी रोज जायचे. पहिला आठवडा रिकाम्या जागेत, दोरी जमिनीवर लोळत. मग पोरांचं क्रिकेट चालू असताना, आधी लांबून, मग जवळून. मग बाकावर कोणी बटाटावडा घेऊन बसलेलं. मंदाबायला मी रोज पाच मिनिटं थांबायची विनंती केली. ती थांबायची, वर बंड्याला मुद्दाम बोंबलाचं शेपूट दाखवायची. असं एकेक आमिष वाढवत नेण्याला आम्ही प्रूफिंग म्हणतो. घाई केली की सगळं बिघडतं. एक दिवस बंड्या चुकला की दुसऱ्या दिवशी आम्ही एक पायरी खाली यायचो. भाऊ आता पुन्हा बोलायला लागले होते. मला बस किती उशिरा आली ते विचारायचे आणि त्यावर आपलं मत द्यायचे.

ठरल्या रविवारी सकाळी नऊला सुजाता आली. हाताची घडी घालून जिन्यापाशी उभी राहिली. मी दोरी काढली. गेट बंद होतं, मी स्वतः लावून आले होते. भाऊ आणि बंड्या चालायला लागले. काठी, पाय, पाय. बंड्या डाव्या बाजूला, त्यांच्या गतीने. क्रिकेटजवळून गेले, काही नाही. मंदाबायची पाटी झाली, काही नाही. मला वाटलं झालं, आता चहा.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. वॉचमनने त्याच्यासाठी गेट सताड उघडलं. टँकर रिव्हर्स घेत होता. त्याच्या आवाजाने स्कूटरखालचं मांजर बिथरलं आणि गेटकडे पळालं. बंड्या त्याच्या मागे. गेटबाहेर मेन रोड आणि बसेस.

सुजाता ओरडली, "बाबा."

भाऊंनी हात वर केला. मूठ आवळेना. ताण आला की तो हात दगडासारखा व्हायचा. माझ्या घशापर्यंत हाक आली होती. पण माझ्या हाकेला तो थांबत नाही, हे मी बघितलं होतं. आणि मी ओरडले असते तर टिक ऐकू आली नसती. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. खरंच कोंबला. माझ्या सगळ्या कामात एवढं कठीण काम मी केलेलं नाही. बंड्या टँकरच्या मागच्या चाकापाशी पोचला होता.

मग आलं. टिक-टिक.

बंड्याचे पुढचे पाय घसरले. त्याने एकदा गेटकडे बघितलं. मांजर रस्ता ओलांडून गेलं होतं. आणि तो वळला. आला तोही चालत नाही, धावत. भाऊंच्या समोर बसला.

वॉचमनने गेट ओढून घेतलं. भाऊंचा उजवा हात बॅगेवर होता, पण बक्कल उघडत नव्हतं. बंड्या बसून वाट बघत होता.

सुजाता पुढे आली. मला वाटलं, आता म्हणेल, बघितलंत ना, पुरे झालं. तिने भाऊंच्या कोपराला धरलं आणि म्हणाली, "बाबा, त्याचं द्या ना."

"निघत नाही गं," भाऊ म्हणाले.

तिने बक्कल काढलं. त्या बॅगेत हात घातला, जिच्या वासाने ती नाक धरायची. कलेजीचे सगळे तुकडे बाहेर काढले आणि भाऊंच्या तळहातावर ठेवले. भाऊंनी हात खाली केला. बंड्याने एकेक करून खाल्ले, घाई न करता.

दुपारी तिने स्वयंपाकघरात उभं राहून शहापूरला फोन केला. मला एवढंच ऐकू आलं, "नाही, आता नको. तो इथेच राहणार."

आता लगेच जाऊन ब्रूनोचा पट्टा काढू नकोस हं. बंड्या कॉलनीच्या आतच सुटा फिरतो, आणि टँकरची वेळ झाली की मास्तर बाकावर बसून राहतात. बाहेर रस्त्यावर न्यायचं असेल तर पट्टा लावून सुजाता नेते. सुटं चालणं म्हणजे सोडून देणं नव्हे.

त्या कामानंतर मी एक बदल केला. नव्या घरी गेले की पहिले दोन दिवस मी कुत्र्याकडे फारसं बघत नाही. माणसाकडे बघते. तो कधी हसतो, खाऊ कुठल्या हाताने देतो, एखादी गोष्ट दहा वेळा बोलतो की एकदाच. कुत्र्याने हे सगळं आधीच शिकून ठेवलेलं असतं. आपण उशिरा पोचलेलो असतो, आणि वर फी घेतो.

चल, पुष्कळ बोलले. ब्रूनोला घेऊन ये एकदा डोंबिवलीला. फोनवर नुसतं येते येते म्हणतेस, ते नको. याच आठवड्यात ये. सकाळी ये म्हणजे माझ्या गुडघ्यांना जिना उतरता येईल, आणि पोटात जागा ठेवून ये. साबुदाण्याची खिचडी करते.